साठीनंतर समुद्रात: अंदमानसाठी कपड्यांची तयारी

अंदमानची तिकिटं काढली त्याच दिवशी मी ठरवलं की या वेळी माझी आई आणि सासूबाई, दोघी पाण्यात उतरतील. काठावर बसून सगळ्यांच्या चपला, पर्स आणि मोबाइल राखत बसणार नाहीत. अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे, कुठेही जा, साठीच्या पुढच्या बायका साडी घोट्याच्या वर धरून लाटेच्या कडेला उभ्या राहतात, पाय भिजवतात आणि मागे फिरतात. बऱ्याच जणींना मनातून आत जायचं असतं. पण भिजलेल्या साडीत बाहेर यायचं कसं, बदलायचं कुठे, तोवर चारचौघांत उभं राहायचं कसं, हे सुटत नाही, म्हणून त्या जात नाहीत. सहलीचे कपडे ठरवताना मी फोटोंचा विचार मागे ठेवला आणि पाण्याचा आधी केला.

ट्रॅव्हल कंपनीच्या यादीत टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि स्विमवेअर एवढंच लिहिलं होतं. आयुष्यभर साडीत वावरलेल्या बाईने त्यातलं काय आणि कसं घ्यायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. घरातल्या दोघा आजोबांचं काम बर्म्युडा आणि पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट यावर एका दुकानात उरकलं. मुलीकडे पोहण्याच्या क्लासचा कॉश्च्यूम होताच. राहिल्या या दोघी.

आई सोलापूरची. निवृत्त झाल्यापासून पंजाबी ड्रेस घालते, पण पोहायला कधी शिकली नाही. सासूबाई कायम साडीत. मात्र त्या वाईजवळच्या खेड्यातल्या आणि लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेल्या. भावांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकललं होतं. पुढे डबा सुटला आणि त्या काठावरून सूर मारायला लागल्या. लग्नानंतर मात्र कधी पाण्यात गेल्या नाहीत. मी विचारलं, “आई, तुम्ही नंतर का नाही पोहलात कधी?”

“अगं, घालायचं काय?” त्या म्हणाल्या. “तेव्हा परकर-पोलक्यात पोहायचे. साडीत कोण पोहणार?”

त्यात साडीचा तरी काय दोष? आपल्याच किनाऱ्यावर कोळणी नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत चापूनचोपून, कासोटा घालून नेसतात आणि ओल्या बंदरावर दिवसभर मासळीची कामं करतात. पाय मोकळे राहतात, कापड वर राहतं, लोंबत काही नाही. अडचण आहे ती गोल पाचवारी साडीची, तिच्याखालच्या परकराची आणि पदराची. भिजलेला परकर पायांना गुंडाळला जातो आणि लाट आली की पाऊल टाकता येत नाही. ओढणीचंही तेच. बोटी आणि जेट स्की फिरतात अशा पाण्यात गळ्याभोवती लांब कापड असणं धोक्याचं, हे मी घरात आधीच निक्षून सांगितलं.

मग मी न्हाणीघरात बादल्या मांडल्या. आईचा सुती कुर्ता, सासूबाईंची एक सिंथेटिक साडी, माझी जुनी लेगिंग आणि मुलीचा नायलॉनचा कॉश्च्यूम असं सगळं भिजवून पाहिलं. कुर्ता उचलवेना इतका जड झाला. घट्ट पिळून दोरीवर टाकला, तरी सकाळी शिवणींजवळ ओला लागत होता. साडी लवकर वाळली, पण भिजल्यावर तिच्यातून हाताची बोटं स्पष्ट दिसत होती. लेगिंगमध्ये सुताचा अंश जास्त, त्यामुळे ती पाण्याच्या वजनाने खाली ओढली जात होती. कॉश्च्यूमचं पाणी मात्र उचलल्या उचलल्या निथळून गेलं आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत तो वाळला. सुती धागा पाणी पिऊन धरून ठेवतो, नायलॉन फारसं पीत नाही. उन्हाळ्यात घरी ज्या गुणासाठी आपण सुती कपडे घालतो, तोच गुण समुद्रात आड येतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं तरी ते कापडात राहतात आणि दमट हवेतला ओलावा पुन्हा ओढतात. म्हणून समुद्रात भिजलेला सुती कुर्ता गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय नीट वाळतच नाही, आणि तसाच अंगावर ठेवला तर काखेत आणि मांड्यांना घासून त्वचा सोलवटते.

दुसरा मुद्दा उन्हाचा. आम्ही जानेवारीत जाणार होतो, म्हणजे पावसाची भीती कमी आणि हवा त्यातल्या त्यात बरी. पण अंदमान विषुववृत्ताच्या आपल्यापेक्षा जवळ. त्यात ते इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीतही सहाच्या आत उजाडतं आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबई-पुण्याच्या मानाने सगळा दिवस तासभर अलीकडे सरकलेला. पाण्यातले कार्यक्रम सकाळीच होतात, आणि तिथल्या नऊच्या उन्हाला आपल्याकडच्या दहाच्या उन्हाचा जोर असतो. कोरडी वाळू अतिनील किरणांचा साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के भाग परत वर फेकतो, म्हणजे टोपी घातली तरी खालून चटका बसतोच. स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याखालचं बघताना, तर माणूस पालथा तरंगत असतो. चेहरा पाण्यात, आणि मान, पाठ, पोटऱ्या उन्हात. पाणी थंड असतं, त्यामुळे भाजलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही.

साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचं यूपीएफ, म्हणजे कापड अतिनील किरण किती अडवतं याचं माप, जेमतेम ५ ते ७ असतं आणि तो भिजला की त्याहून कमी होतं. यूपीएफ ५० चं कापड पन्नासातला एकच भाग आत येऊ देतं. घट्ट विणीचं, गडद रंगाचं नायलॉन किंवा पॉलिस्टर उन्हाला चांगलं अडवतं. कापडाने अंग झाकलं की सनस्क्रीन चेहरा, हात आणि पावलं एवढ्यालाच लागतं, आणि हे मला प्रवाळांसाठीही फार महत्त्वाचं वाटतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून बंदी घातली, ती प्रवाळांना असलेल्या धोक्यामुळेच. आपण अंगभर कपडे घालून उतरलो तर पाण्यात त्यातलं खूपच कमी जातं. मी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घेतलं आणि तेही बेताने वापरायचं ठरवलं.

पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानांत पूर्ण बाह्यांचा, खाली घोट्यापर्यंत लेगिंग असलेला फ्रॉकवाला कॉश्च्यूम मिळतो. पोहण्याच्या तलावांवर बायकांच्या बॅचला येणाऱ्या कितीतरी जणी तोच घालतात. अडचण मापाची. छातीत बसणारा दंडात आवळायचा आणि दंडात बसणारा खांद्यावरून उतरायचा. शेवटी दोघींसाठी एक माप मोठा घेतला आणि आमच्या शिवणाऱ्या ताईंकडे नेला. त्यांनी आधी हात लावायलाच नकार दिला, कारण लायक्रावर साधी सुई टाके सोडते. मग गोल टोकाची, ताणाच्या कापडाची सुई आणली, शिलाई झिगझॅग ठेवली आणि काम झालं. त्यांनी बगलेत कळी टाकली, त्यामुळे हात वर नेताना खांदा ओढला जाईना. छातीला आतून अस्तर लावलं. फ्रॉकचा घेर कमी करून तो गुडघ्याच्या जरा वर ठेवला, कारण जास्त घेर पाण्यात फुगून वर येतो. रंग मी मुद्दाम निळा आणि हिरवा टाळला. पाण्यात उतरलेलं माणूस काठावरून चटकन दिसलं पाहिजे, आणि निळं कापड निळ्या पाण्यात हरवतं. आईला राणी रंग घेतला. सासूबाईंचा जांभळा होता, त्याच्या बाह्यांवर ताईंनी भडक केशरी पट्टा लावून दिला.

खोलीचं दार लावून दोघींनी एकदमच घालून पाहिले. आई आरशासमोर गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, “मला शोभेल का गं हे आता?”

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “ताई, तुमच्या ड्रेसपेक्षा हे जास्त अंग झाकतंय. बघा तरी.” आणि त्या तिथेच हात पुढे-मागे करून पोहण्याचा पवित्रा घेऊन दाखवायला लागल्या.

तरी एकदम परक्या गावी, परक्या लोकांत हे घालून उतरायला सांगणं मला बरोबर वाटेना. नव्या कपड्यांची अंगाला सवय व्हावी लागते आणि मनालाही. म्हणून आधी दोघींच्या डॉक्टरांना विचारलं, सासूबाईंच्या ब्लड प्रेशरबद्दल खास विचारून घेतलं, आणि मग पालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागलो. तिथे सगळ्या त्याच वेशात, त्यामुळे आईचा संकोच आपोआप ओसरला. ती उथळ भागात कठडा धरून तोंड पाण्यात घालायला आणि तोंडाने श्वास सोडायला शिकली. सासूबाईंना हात-पाय आठवायला वेळ लागला नाही, दम मात्र पुरत नव्हता.

बारीकसारीक गोष्टी याच काळात उमगल्या. सासूबाईंचा अंबाडा टोपीत मावत नव्हता आणि मास्कचा पट्टा त्याच्यावर टिकला नसता, म्हणून खाली, मानेजवळ सैल वेणी घालायची ठरली. मास्कच्या रबराखाली केस आला की पाणी आत शिरतं, तेव्हा कपाळावरचे केस पूर्ण मागे. (मिशीचंही तसंच आहे. नवऱ्याने मिशीला व्हॅसलीन लावलं आणि त्याचा मास्क बऱ्यापैकी बसला.) दागिन्यांचा प्रश्न नाजूक होता. मोठं मंगळसूत्र समुद्रात न्यायचं नाही हे दोघींना पटत होतं, पण गळा मोकळा ठेवायला सासूबाई तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी काळ्या मण्यांची गळ्यालगतची लहान पोत ओवून घेतली, ती कॉश्च्यूमच्या आत राहायची. बांगड्या, कानातली आणि अंगठ्या हॉटेलच्या लॉकरमध्ये.

बाकीचं सामान पटकन ठरलं. टॉवेलऐवजी पंचे. हलके, घडीत लहान आणि वाऱ्यावर बघता बघता वाळणारे. समुद्राकाठी पंच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही असं माझं ठाम मत झालं आहे. संध्याकाळी वाळूवर बसायला सैल, पायघोळ सुती पँट आणि पूर्ण बाह्यांचे कुर्ते, कारण तिथल्या वाळूत बारीक माश्या असतात. त्या तिन्हीसांजेला चावतात आणि ती खाज कित्येक दिवस जात नाही. पावलांना आणि घोट्यांना खोबरेल तेल चोपडलं होतं, त्याचाही उपयोग झाला. स्वेटर एकही घेतला नाही, तिथे जानेवारीच्या रात्रीही उबदार असतात. दोघींना एकेक पातळ शाल मात्र दिली. बेटांदरम्यानच्या खासगी बोटींत एसी इतका जोरात असतो की आईने कान-डोकं गुंडाळून घेतलं. कोल्हापुरी चपला घरीच ठेवायला लावल्या, खारं पाणी त्या चामड्याला सोसत नाही. त्याऐवजी मागे पट्टा असलेली, तळाला पकड असलेली रबरी सँडल घेतली.

आणि सगळ्यात उपयोगी पडला तो घरातला साधा बिनबाह्यांचा सुती गाऊन. एक माप मोठा, गळ्याला सैल. तो ओल्या कॉश्च्यूमवरून डोक्यातून घालायचा, हात आत घ्यायचे, आतल्या आत ओला कपडा उतरवायचा, पंच्याने अंग टिपायचं आणि कोरडे कपडे चढवायचे. खोली नको, आडोसा नको. दोघींना हे घरी करून बघायला लावलं होतं. पहिल्यांदा हात अडकले, मग जमलं.

अंदमानात पोचल्यावर पहिला मान सेल्युलर जेलचा, आणि तिथे सासूबाई इरकल नेसून आल्या. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीसमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मला मात्र तिथली दुसरी एक गोष्ट विसरता येत नाही. कैद्यांना शिक्षा म्हणून गोणपाटाचे कपडे घालायला लावत, त्याचा नमुना तिथे बघायला मिळतो. त्या दमट हवेत, घामाने भिजलेल्या अंगाला घासणारं ते जाडंभरडं गोणपाट आणि त्यात कोलू फिरवायचा. महिनाभर मी कापडाचा पोत आणि शिवणीचा काच यांचाच विचार करत होते, त्यामुळे असेल, पण मला तिथे पुढे पाऊल टाकवेना. कापड अंगाला किती छळू शकतं याचा विचार करूनच कुणीतरी ती शिक्षा ठरवली होती.

पुढे स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. एलिफंट बीचला स्पीड बोटीने जायचं होतं. दोघींनी हॉटेलमधूनच कॉश्च्यूम घालून वर कुर्ता चढवला होता, त्यामुळे तिथे बदलण्यासाठी रांग लावावी लागली नाही. बोटीतून उतरताना पाणी गुडघ्यापर्यंत. आमच्या बोटीतल्या साडीतल्या दोन बायका तिथेच अडल्या, निऱ्या गोळा करत एकमेकींचा हात धरून उतरल्या. आई त्यांच्या आधी उतरली होती.

कुर्ते काढून लाइफ जॅकेट घातली. गाइड ट्यूबला दोर बांधून घेऊन जातो, पोहता येण्याची गरज नसते. आई आधी कमरेइतक्या पाण्यात बराच वेळ उभी राहिली. मग ट्यूब घट्ट धरून तिने मास्क पाण्यात घातला आणि लगेच बाहेर काढला. पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी ती वर यायलाच तयार नव्हती, गाइडने तिला तशीच ओढत आत नेलं. परत आल्यावर तिने सांगितलेलं सगळं माशांबद्दल होतं. कॉश्च्यूम शोभतो का, हे तिने त्यानंतर एकदाही विचारलं नाही.

सासूबाई दुसऱ्या फेरीला गेल्या. मी बाजूलाच तरंगत होते. थोडं आत गेल्यावर त्यांनी डोकं वर काढलं, तोंडातली नळी बाजूला केली आणि गाइडला म्हणाल्या, “भैया, हाथ छोडो, मेरेको आता है.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने हात सोडला, ट्यूबचा दोर मात्र धरून ठेवला, आणि सासूबाई जॅकेटच्या आधाराने, विहिरीत शिकलेले ते जुने हात मारत प्रवाळांवरून पुढे गेल्या. केशरी पट्टे पाण्यावर एकामागून एक वर येत होते, त्यामुळे मला त्या सतत दिसत होत्या. दम लागल्यावर आपण होऊन थांबल्या आणि ट्यूबवर हात टाकला.

काठावर गाऊनचा तंबू करून दोघींनी कपडे बदलले. बाजूच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी ते पाहिलं आणि सगळी पद्धत विचारून घेतली. संध्याकाळी हॉटेलवर कॉश्च्यूम अर्ध्या बादली पाण्यातून काढले. बेटावर गोडं पाणी जपून वापरायचं असतं आणि लायक्राला तेवढं पुरतं. पिळायचे नाहीत, पंच्यात गुंडाळून दाबायचे आणि सावलीत टाकायचे. सकाळी राधानगर बीचला तेच कोरडे कॉश्च्यूम पुन्हा अंगावर.

शहीद द्वीपवर, म्हणजे नीलला, रबरी सँडलचं चीज झालं. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल बघायला ओहोटीच्या वेळी जायचं असतं. वाट ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून आणि मेलेल्या प्रवाळाच्या धारदार तुकड्यांवरून. साध्या स्लिपर घातलेली माणसं पावलोपावली घसरत होती, आणि आमच्या दोघी खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात वाकून सी कुकंबर, म्हणजे काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव, बघत होत्या.

परत आल्यावर सासूबाईंनी त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशींना, फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. आता दोघी बहिणी तारकर्लीला जायचं म्हणत आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग होतं आणि मावशीही त्याच विहिरीत पोहायला शिकलेल्या. तिथलं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, म्हणून त्यांच्या कॉश्च्यूमला बाह्यांवरच नाही, पाठीवरही केशरी पट्टा लावायला मी शिवणाऱ्या ताईंना सांगितलं आहे. माप घ्यायला मावशी रविवारी येणार आहेत.